सांगायचं काम

बर्फावर एक पट्टा राहून गेला. हातभर रुंदीचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्केटच्या पात्यांनी खरवडलेला, पांढुरका. वेंडेल कॉस्त्युकच्या हातून असं कधी होत नसे. बर्फ सपाट करायची ती बोजड गाडी तो कैक वर्षं त्या रिंगणात गोल गोल फिरवत आला होता, आणि जुन्या फेरीवर नवी फेरी चार बोटं चढवायची म्हणजे मध्ये फट राहत नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. पण ऐन वळणावर खिशातला फोन थरथरला, त्यानं हातमोजा दातात धरून ओढला, आणि बघतो तर पडद्यावर नाव होतं, डर्मट. अकरा वर्षांत त्या नावानं फोन एकदाही वाजला नव्हता. फोन बदलले, घर बदललं, दाढी राखली आणि काढली, पण प्रत्येक नव्या फोनमध्ये वेंडेलनं ते एक नाव न चुकता उतरवून घेतलं होतं. कठड्यापाशी हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातले निवृत्त म्हातारे हॉकीच्या काठ्या टेकून उभे होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "काय रे, बर्फाचा भांग पाडलास का?" बाकीचे फिदीफिदी हसले. वेंडेलला ते ऐकूच आलं नाही. तो गाडी तशीच आत घेऊन गेला, पाण्याच्या नळाशेजारी उभी केली आणि फोन कानाला लावला. छातीत इतकं धडधडत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एखाद्या फोननं असं व्हावं, हे काही शोभण्यासारखं नव्हतं.

डर्मट बोलत होता ते असं, की जणू कालच भेटून घरी गेलेत. थंडी फार आहे, गुडघा दुखतो, घराच्या छपराचं काम निघालंय. मग मध्येच म्हणाला की बँडमधला बेस गिटार वाजवणारा गेला, व्हँकूव्हरला जाऊन राहिला, जागा रिकामी आहे. "गुरुवारी दुपारी ये ना," डर्मट म्हणाला. "तालमीची खोली तीच आहे. बेस घेऊन ये." आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, "त्याच्या आधी एक काम होतं रे. सोलांजचं. कीबोर्डवर तिची बोटं आता चालत नाहीत. तूच सांग तिला. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही." वेंडेल हो म्हणाला. विचार करून म्हणाला असंही नाही. खूप दिवसांच्या उपाशी माणसापुढे ताट आलं की तो जसा आधी बसतो आणि मग बघतो काय वाढलंय, तसा म्हणाला. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो नळाशी उभा होता. बाहेर म्हातारे त्या राहिलेल्या पट्ट्यावरून घसरत त्याला शिव्या घालत होते. सोलांजबद्दल आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि वाईट वाटत नाही हेही त्याला कळलं.

सांगायचं हे काम वेंडेलकडे बापाकडून आलं होतं. बाप कारखान्यात पाळीचा मुकादम. कुणाचं काम सुटलं, कुणाचा हात यंत्रात गेला, की त्याच्या घरी सांगायला बापालाच पाठवत, कारण त्याच्या आवाजाला एक मऊपणा होता. लहानपणी दोनतीनदा वेंडेल त्याच्याबरोबर गेला होता. बाप टोपी काढायचा, बसायचा, बाईच्या डोळ्यांत बघून एकच वाक्य बोलायचा आणि मग गप्प व्हायचा. घरातलं घड्याळ, चुलीवरचं काहीतरी, बाईचा श्वास, सगळं ऐकू यायचं. बाप त्या शांततेत एक शब्द टाकायचा नाही. परतताना मात्र तो गाडीत शीळ घालायचा, आणि ते वेंडेलला तेव्हा फार भयंकर वाटलं होतं. त्याच बापाच्या तळघरात, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी, 'विंटर पार्किंग' हा बँड उभा राहिला. रस्त्याच्या कडेला हिवाळ्यात गाड्या लावू नयेत अशी पाटी असते, तिच्यावरून डर्मटनं ते नाव उचललं. डर्मट हॅली गायचा आणि गिटार वाजवायचा, गाणी त्याची. सोलांज सडबरीहून आलेली, फ्रेंच बोलणाऱ्या घरातली, ती कीबोर्डवर. रॉय ड्रमवर. वेंडेल बेसवर. रॉय म्हणजे वेंडेलच्या शेजारच्या घरातला, दोघांचे दुधाचे दात एकाच अंगणात पडलेले. पहिली दोन वर्षं त्यांना ऐकायला त्यांचेच भाऊ आणि मेहुणे येत. मग विद्यापीठाच्या रेडिओवर एक पोरगी त्यांची गाणी लावायला लागली, मग टोरोंटोचा एक माणूस तळघरात येऊन ऐकून गेला, आणि जाताना डर्मटला म्हणाला की बाकी ठीक आहे, ड्रमरचा हात जड आहे. त्या दिवसापासून डर्मटच्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखायचं, सोंग नव्हतं. कुणाला काही कडू सांगायची वेळ आली की तो पोट धरून वाकायचा, पांढराफटक पडायचा. गाण्यांतून मात्र तो साऱ्या जगाला काय वाटेल ते सुनवायचा. तर मग रॉयला सांगायचं कुणी? सगळ्यांनी वेंडेलकडे बघितलं.

बार्टन स्ट्रीटवरच्या डोनटच्या दुकानात वेंडेल रॉयला घेऊन गेला. पहिलंच काम, हात कच्चा. त्यानं रॉयची स्तुती केली, जुन्या आठवणी काढल्या, काळ कसा बदलतोय यावर बोलला, आणि या सगळ्यात मुख्य गोष्ट कुठेतरी पुसटशी घातली. रॉय मिशीला साखर लावून ऐकत होता. शेवटी कॉफी संपवून म्हणाला, "मग सोमवारी थोडा लवकर येतो, सराव करू." तेव्हा वेंडेलला दुसऱ्यांदा, धडधडीत सांगावं लागलं. रॉयच्या तोंडावरचा तो बदल त्यानं पाहिला, आधी हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे गेले. त्या दिवशी वेंडेल घरी येऊन रडला. पण त्यातून तो शिकला. पुढच्याला सांगताना स्तुती नाही, सॉरी नाही, आठवणी नाहीत. गोड काहीतरी मागवायचं, त्याला पहिला घास घेऊ द्यायचा, आणि घास तोंडात असताना सांगायचं, कारण तोंड भरलेलं असलं की माणूस ओरडत नाही. एकच वाक्य. मग शांतता, ती त्याची त्यानं भरायची. सगळ्यात शेवटी तालमीच्या खोलीची किल्ली मागायची. दुसरी गिटार वाजवणाऱ्या अँटनला सांगितलं त्या आठवड्यात त्याला मुलगी झाली होती. दुसऱ्या ड्रमरला दौऱ्यातच, थंडर बेमध्ये, बस अड्ड्यासमोरच्या डोनटच्या दुकानात सांगितलं, आणि तिकीट हातात दिलं. तो खिडकीतून बघत राहिला आणि यांची व्हॅन पुढे प्रेअरीच्या गवताळ मैदानांकडे निघाली. गाडीत नवी ड्रमर आधीच बसलेली होती. ही तिसरी ड्रमर एक धिप्पाड बाई होती, तिची पाळी आली तेव्हा ती टेबलावर मूठ आपटणार असं वाटत असताना तिनं फक्त विचारलं, "वेंडेल, तुला यात काय मिळतं?" तो म्हणाला काही नाही, आणि तिच्या ताटलीतलं उरलेलं अर्धं डोनट त्यानं खाल्लं. ते त्याच्या सवयीचंच झालं होतं, समोरचा उठून गेला की त्याचं उरलेलं संपवायचं. त्यात गोडी होती, खोटं कशाला बोला. परतताना तोही शीळ घालायचा.

आणि बँड वर जात राहिला. दर माणूस गेला की एक पायरी वर, असंच काहीसं. टोरोंटोची मोठी नाट्यगृहं, माँट्रियाल, मग समुद्रापलीकडे. सगळ्यात जास्त चाललं ते 'साल्व्हेज' नावाचं गाणं, आणि ते चाललं ते वेंडेलच्या चुकीमुळे. गाण्यात एका जागी सगळे थांबतात, दोन ठोके काही नाही, मग सगळ्यांनी मिळून एकदम वाजवायचं, पडायचं म्हणतात ते. रेकॉर्डिंगच्या दिवशी वेंडेल अर्धा ठोका आधी पडला. एकटा, उघडा, अंधारात पायरी चुकावी तसा. त्यानं जीभ चावली, पण डर्मट काचेपलीकडे उभा राहून नाचायला लागला, म्हणाला हेच, हेच ठेवा. लोकांना त्या जागी काय व्हायचं कोण जाणे, पण त्या अर्ध्या ठोक्याची वाट बघत अख्खं नाट्यगृह श्वास धरायचं. आणि इथेच घोळ झाला. रंगमंचावर वेंडेलला ती चूक जमेना. मुद्दाम आधी पडायला गेला की फार आधी पडायचा, नाहीतर हात आपोआप बरोबर जागी जायचा. बरोबर पडला की लोकांच्या घशातून निराशेचा एक हुंकार यायचा, तो त्याला रोज ऐकू यायचा. हॉटेलच्या खोलीत तो आपलीच चूक कानाला लावून, मांडीवर बोटं आपटून पाठ करायचा. स्वतःची चूक स्वतःला परत करता येत नाही, याहून मोठी फजिती माणसाची काय व्हायची? व्हॅनमध्ये कुणी काही बोलत नसे. डर्मट मात्र अधूनमधून पोट दाबायचा, आणि वेंडेलला वाटायचं, आता कुणाची पाळी आली?

त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सांगणारा तोच होता. युरोपातून परतल्यावर तालमीचा निरोप आला नाही, आणि एके दिवशी कपडे धुवायच्या दुकानाच्या भिंतीवर नवं पोस्टर दिसलं. चार माणसं, त्याच्या जागी एक दाढीवाला. हातात धुतलेल्या चादरींची पिशवी होती, चादरी अजून गरम होत्या. त्याच आठवड्यात सोलांज त्याच्या घरी आली होती. त्यानं वरच्या खिडकीतून तिला बघितलं, बेल दाबून खाली उभी असलेली, हातात कागदी खोक्यात काहीतरी गोड. तिचा चेहरा बघितल्याबरोबर त्यानं ओळखलं. तो चेहरा त्यानं स्वतः इतक्यांदा चढवला होता. त्यानं दार उघडलं नाही. भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून उभा राहिला. तिनं तीनदा बेल वाजवली आणि गेली. आणि मग वेंडेलच्या डोक्यात एक विचित्र गोष्ट घट्ट बसली: मला कुणी सांगितलेलं नाही. बँड चालू आहे, तिथं दुसरं कुणी वाजवतंय, ठीक आहे, पण मला काढलंय असं कुणी माझ्या तोंडावर म्हटलेलं नाही. किल्ली त्याच्याकडेच राहिली, कारण ती मागायचं काम त्याचं होतं. लग्न झालं नाही, झालं असतं तर बायकोनं हे वेड काढून टाकलं असतं. रोज सकाळी खिशात किल्ल्या टाकताना त्या एका पितळी किल्लीवर त्याचा अंगठा फिरायचा. बर्फाची गाडी हे मधल्या काळातलं काम होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, सध्या हे करतोय. सध्याला अकरा वर्षं झाली.

मंगळवारी ठरल्या वेळी तो डोनटच्या दुकानात पोचला तेव्हा सोलांज आधीच बसलेली होती, खिडकीजवळच्या, जिथं तो एकेकाला बसवायचा त्याच टेबलाशी. केस पांढरे, आखूड कापलेले. समोर दोन कॉफ्या, आणि त्याच्या जागेपुढे ताटलीत एक मधाचं डोनट. तिच्यापुढेही एक. तिनं आपल्यासाठी मागवून ठेवलं, याचं त्याला जरा भरून आलं. तो बसला, टोपी काढली. ती म्हणाली, खा. तो म्हणाला, तू खा आधी. मग रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलणं झालं, तिच्या सडबरीच्या भावाबद्दल झालं, आणि पुन्हा ती म्हणाली, खा ना, गार होतंय. डोनट काही गरम नव्हतं. दोघांच्याही ताटल्या तशाच. तिची बोटं त्यानं बघितली, पेरं सुजलेली, कप दोन्ही हातांनी धरलेला. ही बोटं त्याच्या बापाच्या तळघरात, थंडीत, आखडू नयेत म्हणून ती कपडे वाळवायच्या यंत्रावर ठेवायची, हे त्याला आठवलं. त्याच्याशी ती वाद घालायची. प्रत्येक वेळी कुणाला काढायचं ठरलं की एकटी सोलांज नको म्हणायची, तिच्या माणसांच्या रीतीनं चर्चमधल्या सगळ्या वस्तूंच्या नावानं फ्रेंचमध्ये शिव्या द्यायची आणि शेवटी गप्प बसायची. गुरुवार त्याच्या डोळ्यांपुढे आला. खोली, तारांची गुंडाळी, तो जुना सोफा. तिनं घास घ्यायची वाट तो बघत बसला असता तर संध्याकाळ झाली असती.

"सोलांज," तो म्हणाला, "तू आता बँडमध्ये नाहीस."

आणि गप्प झाला. आवाज छान निघाला होता. अकरा वर्षांत गंज चढला असेल असं वाटलं होतं, पण नाही. मऊ, सरळ, मध्ये कुठे अडखळला नाही. त्या शांततेत काउंटरमागे बाई ट्रे पुसत होती. सोलांजनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या ताटलीकडे, आणि तिचा ओठ थरथरला. त्याला वाटलं रडणार. ती हसत होती. "अजून तसाच आहे रे तुझा आवाज," ती म्हणाली. "रॉयला सांगितलंस तेव्हा नव्हता असा. तेव्हा तू माणूस होतास." तिनं पिशवीत हात घातला, किल्ली काढली, स्वतःच टेबलावर त्याच्या बाजूला सरकवली. चकचकीत, चौकोनी डोक्याची किल्ली. त्याच्या पितळी किल्लीसारखी ती मुळीच नव्हती, हे त्याच्या डोळ्यांनी बघितलं आणि डोक्यानं बघायचं नाकारलं.

"आता मी इथं का आलेय ते विचार," ती म्हणाली.

त्यानं कप उचलून एक घोट घेतला.

"मलाही पाठवलंय. तेच काम. त्यानं तुला काय सांगितलं, जागा रिकामी आहे? वेंडेल, हॅलिफॅक्सची एक मुलगी आलीय, तिला महिना झाला. मला म्हणाला, वेंडेल मागे लागलाय, तूच त्याला काय ते सांग, तुझं तो ऐकेल. मी म्हटलं बरं. मीही शहाणीच. तुझ्यासाठी हे डोनट मागवलं, तू घास घेतलास की सांगायचं, तूच शिकवलेलं."

"खोटं बोलतेस," वेंडेल म्हणाला. "तुला राग आलाय."

"आलाय. पण खोटं नाही."

"तो म्हणाला, बेस घेऊन ये."

सोलांजच्या नजरेत राग होता तो हळूहळू उतरला आणि त्याजागी दुसरं काहीतरी आलं, ते वेंडेलला रागापेक्षा नकोसं वाटलं. "ठीक आहे," ती कोट चढवत म्हणाली. बटणं तिला पटापट लागत नव्हती. "मग मी सांगतच नाही तुला. मागे तू दार उघडलं नाहीस, आज मी तोंड उघडत नाही. गुरुवारी जा. आणि एवढं कर, त्याच्या तोंडून ऐक. आयुष्यात एकदा तरी त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगू दे." ती गेली. तिच्या ताटलीतलं अख्खं डोनट तसंच होतं. वेंडेलनं आधी स्वतःचं खाल्लं, मग तिचं.

दोन दिवस त्यानं स्वतःला समजावण्यात घालवले, आणि त्यात तो पटाईत होता. काढलेली माणसं असंच बोलतात. अँटन म्हणाला होता तुमचा बँड वर्षभरात बुडेल, बुडाला का? बाईमाणूस, बोटं गेली, घर नाही, मूल नाही, अशी माणसं जाता जाता दुसऱ्याच्या पायात पाय घालतात. बर्फाची गाडी फिरवताना तो 'साल्व्हेज' गुणगुणत होता, आणि त्या जागेशी आला की बोटं गाडीच्या स्टिअरिंगवर आपटायची. अर्धा ठोका आधी, अगदी नेमकी. चारदा केलं, चारदा जमलं. त्याला हसूच आलं. जे रंगमंचावर कधी साधलं नाही ते आता, या वयात, हातात आलं होतं. याचाच अर्थ वेळ आली होती. बुधवारी संध्याकाळी त्यानं बेसच्या तारा बदलल्या, लाकूड पुसलं, पट्ट्याचं भोक एक पुढे घेतलं, कारण पोट सुटलं होतं. शर्ट इस्त्री केला आणि मग वाटलं, इस्त्रीचा शर्ट घालून तालमीला कोण जातं, म्हणून जरा चुरगाळला.

तालमीची खोली जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर. बेसची पेटी वाहून आणताना तो दोनदा थांबला. बोळात तोच वास, ओली लोकर आणि शिळी बिअर. दारापाशी पोचला आणि आतून वाजण्याचा आवाज आला. ड्रम, डर्मटची गिटार, आणि बेस. तो तसाच उभा राहिला. पितळी किल्ली त्यानं कुलुपात घालून बघितली. टोकापर्यंत गेली नाही. सोलांजची किल्ली दुसऱ्या खिशात होती, ती लागली असती. ती त्यानं काढली नाही. आत 'साल्व्हेज' चाललं होतं. ती जागा जवळ आली, सगळे थांबले, दोन ठोक्यांची शांतता सुरू झाली, आणि वेंडेलची बोटं हातमोज्यात वळली. आत कुणीतरी अर्धा ठोका आधी पडलं. एकटं, उघडं, पायरी चुकावी तसं. त्याची चूक, जशीच्या तशी, त्याच्याहून चांगली. मग सगळे मिळून पडले आणि आत कुणीतरी आनंदानं हसलं. वेंडेलच्या पोटात कळ आली. डर्मटला अशीच येत असेल का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं दार वाजवलं.

दार अर्धं उघडून डर्मट बोळात आला. पिकलेली दाढी, मोठा चष्मा. "आलास?" म्हणाला. त्याचे डोळे बेसच्या पेटीवर गेले आणि तिथून घाईघाईनं उठले. सोलांजला सांगितलंस का, विचारलं. सांगितलं, वेंडेल म्हणाला. कशी होती? बरी होती. डर्मटनं सुटकेचा श्वास सोडला, मग अंदाज घेत विचारलं, "आणि ती? ती तुला काही बोलली असेल ना?"

"काही नाही बोलली."

वेंडेल त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिला. बापासारखा. एक शब्द त्यानं मदतीला टाकला नाही. बोल, तो मनात म्हणत होता, बोल एकदाचा. तुझ्यासाठी मी रॉयला मारलं, अँटनला मारलं, परवा सोलांजलाही. माझ्या वाट्याचं एक वाक्य तू बोल. डर्मटचं तोंड उघडलं. ओठ जमले. मग त्याचा हात हळूच पोटावर गेला, रंग उतरला, तो जरासा वाकला. "एक मिनिट थांब हं," तो म्हणाला आणि आत गेला. दार लागलं. आत कुजबूज झाली, एका बाईचा आवाज 'मी?' म्हणाला, पुन्हा कुजबूज. वेंडेलला सगळं कळलं. जिना दहा पावलांवर होता. आत्ता खाली उतरलं तर अजूनही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पेटी उचलायची, घरी जायचं, किल्ली खिशात, आणि सध्या बर्फाची गाडी. आणखी अकरा वर्षं आरामात निघाली असती. त्यानं पेटीच्या मुठीला हात घातलासुद्धा.

तेवढ्यात ती बाहेर आली. तिशीतली, उंच, नाकावर चट्टे, खांद्यावर बेसच्या पट्ट्याचा वळ. आपलं नाव केझिया असल्याचं तिनं सांगितलं, आणि हात पुढे करावा की करू नये या विचारात तो अर्ध्यात धरला. मग दाराकडे बघत, भराभर बोलायला लागली. की ती वेंडेलचं वाजवणं ऐकूनच बेसकडे वळली. की ती चूक शिकायला तिला सहा महिने लागले. की सगळ्यांना त्याच्याबद्दल फार आदर आहे, आणि तिला खरंच सॉरी वाटतंय, आणि डर्मटला बरं नाहीये, आणि बँड आता थोड्या वेगळ्या दिशेनं जातोय, पण दारं कधीच बंद नसतात, आणि पुढेमागे कधी... ती बोलतच राहिली. वेंडेलचा हात मुठीवरून सुटला. ऐकवेना त्याला. मिशीला साखर लावलेला रॉय त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मरायचं तर आहेच, पण इतक्या बोथट सुरीनं?

"थांब," तो म्हणाला. "असं नाही सांगायचं."

ती गोंधळून थांबली.

"स्तुती करू नकोस. स्तुती केली की माणसाला वाटतं अजून जागा आहे. सॉरी म्हणू नकोस, मग त्यालाच तुझी समजूत काढावी लागते. दाराकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ. आणि 'पुढेमागे' हा शब्द कधी, कधी काढू नकोस." त्याचा आवाज मऊ होत होता, आपोआप. "तुला हे काम पुन्हा करावं लागेल. डर्मटला सवय लागली की तो तुलाच पाठवेल. म्हणून नीट शिकून घे. एक वाक्य. सरळ. मग गप्प. तो रडो, हसो, काही करो, तू त्यात पडायचं नाही. आणि शेवटी किल्ली. चल, पुन्हा सांग."

"तुम्ही... खरंच?"

"सांग."

केझियानं घसा साफ केला. दोन्ही हात पाठीमागे नेले. पहिल्यांदा तिची नजर त्याच्या गळ्यापाशी अडकली. त्यानं बोटानं आपल्या डोळ्यांकडे दाखवलं. तिनं नजर वर आणली.

"वेंडेल, तुम्ही बँडमध्ये नाही."

बोळातल्या पाइपात पाणी वाजत होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. दाराच्या फटीशी एक सावली न हलता उभी होती, म्हणजे डर्मट आतून ऐकत होता. वाक्य वेंडेलच्या आत उतरलं, खिडकी, पोस्टर, गरम चादरी, सगळं एकेक ओलांडत, आणि जिथं पोचायला अकरा वर्षं उशीर झाला होता तिथं पोचलं. त्याला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, बरं वाटेल असं. बोलावं, असंही वाटलं, फार वाटलं. केझियाचा ओठ हलला, पण तिनं तो दाताखाली धरला आणि गप्प राहिली. मग तिनं हात पुढे केला, तळवा वर.

वेंडेलनं खिशातून सोलांजची चकचकीत किल्ली काढली आणि त्या तळव्यावर ठेवली. तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. तळवा तसाच राहिला.

"तुमची," ती म्हणाली.

"ती लागत नाही आता."

त्यानं जुडगा काढला, हातमोजे काढले, आणि पितळी किल्ली कडीतून सोडवायला लागला. कडी घट्ट होती, थंडीनं बोटं आखडली होती, नखाशी सरकून ती पुन्हा पुन्हा मिटत होती. केझिया हात पुढे धरून उभी राहिली. तिनं मदत केली नाही, नजरही हलवली नाही. पोरगी तयार होणार, असं वेंडेलला वाटलं.